देव्हाऱ्यातलं तिसरं पदक

आज पूजा करताना जे वाचलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. साठच्या दशकात परंड्याहून जाऊन फौजेत भरती झालेले. त्यांच्या कागदांवर दोनच पदकं लिहिली आहेत, घरात मात्र तीन. दोन पेटीत आणि एक देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी. नोंद दुरुस्त करावी म्हणून, आबांना न सांगताच, मी सैनिक कार्यालयातून अर्ज घेऊन आले.

अर्जात पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर लिहायचा होता. अठरा वर्षं मी त्या पदकाला हळदकुंकू वाहते, पण कड कधी बघितली नव्हती. आज चिंचेनं घासली. नंबर आबांचा नाही. नावही दुसऱ्याचंच.

"आबा, हे कुणाचं?"

"माझ्या दोस्ताचं. तेरखेड्याचा होता. पासष्टच्या लढाईत पुढं जाताना माझ्याकडं ठेवायला दिलं. आला न्हाय. घरी मागं कुणीच नव्हतं, मग त्याचा टाक कोण बसवणार? म्या ह्ये पदकच टाक म्हणून बसवलं."

मी अर्ज दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"माझा कागद बरोबर हाय, बाई. त्याच्या कागदावर हे लिवलंय का, तेवढं बघ."

म्हणून तुम्हाला विचारते. नात्यात नसलेल्या जवानाची नोंद बघायला कुणी अर्ज केलाय का? नवा अर्ज समोर आहे, नाव-नंबर भरून झालेत. पुढं रकाना आहे, 'सैनिकाशी नातं'. तिथं काय लिहू?