माश्यांचं निमित्त

दादा,

कणकवलीच्या स्टँडवर तू माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवलीस आणि बाबा खिडकीपाशी येऊन उभे राहिले. दुपारचे तीन वाजले होते. बाबा कंपाउंडर, डॉक्टरांनी त्यांना अर्ध्या तासाचीच सुट्टी दिली होती, म्हणून त्यांच्या अंगात दवाखान्यातला पांढरा डगला तसाच होता. "पोचलंस काय कार्ड टाक," एवढंच ते म्हणाले. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही. मला वाटलं, मी धीट आहे.

मुंबईत घाटकोपरला एका गुजराती बेनच्या घरी कॉट मिळाली. मला 'गो' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. दोन महिन्यांत मी 'अगं यार' म्हणायला शिकले आणि सुट्टीत घरी आले की तू त्यावरून माझी टर उडवायचास.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे माश्यांना त्रास देणं. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्याच चिमुकल्या माश्या. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून बाटलीत ओतायचा, कापसाचं बूच लावायचं, त्यात त्या वाढवायच्या. मग काही माश्या अर्धा तास सदतीस अंशांच्या पाण्यात बाटलीसकट ठेवायच्या. उष्णता सोसेनाशी झाली की त्यांच्या पेशी नेहमीची प्रथिनं करणं जवळजवळ थांबवतात आणि जीव वाचवणारी मोजकीच करत राहतात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात, तसंच. पण नेहमीच्या कामाच्या सूचनांच्या चिठ्ठ्या पेशी फाडून टाकत नाही. त्या बाजूला ठेवते आणि गारवा आला की पुन्हा वाचायला घेते. हे कसं ठरतं, ते मला शोधायचं होतं.

कोणती प्रथिनं बनली हे बघायचं तर किरणोत्सर्गी खूण केलेल्या प्रथिनांवर एक्स-रेची फिल्म लावून ती फ्रीजरमध्ये, अंधारात, चौदा दिवस ठेवावी लागे. दुसऱ्या वर्षी अशी एक फिल्म ठेवली त्याच दिवशी बाबांचं कार्ड आलं. सावंतवाडीचे लोक तुला बघायला येतायत, चार दिवस येऊन जा. मला ते स्थळ नको होतं आणि नको म्हणायची छातीही नव्हती. मी उलटटपाली लिहिलं, प्रयोग ऐन भरात आहे, सोडून आले तर माश्या मरतील आणि दोन वर्षांची मेहनत जाईल.

खोटं होतं ते, दादा. फिल्म फ्रीजरमध्ये पडून होती आणि माझ्या हाताला काडीचं काम नव्हतं. माश्यांकडे माझ्याबरोबरच्या नंदिनीने बघितलं असतं. त्या चौदा दिवसांत मी तिच्या साड्यांना फॉल लावले.

चौदाव्या दिवशी सकाळी तुझं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. बेननी ते घरात घेतलं नव्हतं, बाहेर पायरीवर दगडाखाली ठेवलं होतं. "बेटा, पहले पढ ले," त्या म्हणाल्या. "फिर नहा के अंदर आ."

बाबांना जाऊन सात दिवस झाले होते. तू लिहिलं होतंस की दुखणं दोनच दिवसांचं, पण त्यांनी तार करू दिली नाही. 'तिका तार करू नकात, तिचा काम मोडात.' काम आटपलं असेल तर दहाव्याला ये, असं खाली होतं. मी कार्ड फाडलं, अंघोळ केली आणि प्रयोगशाळेत गेले. फिल्म धुतली. नेहमीच्या प्रथिनांच्या रेघा पुसट झाल्या होत्या, मोजक्याच चार-पाच काळ्याकुट्ट उठल्या होत्या.

"झकास आलीय गं," नंदिनी म्हणाली.

"हो ना," मी म्हटलं. दुसऱ्या दिवसाची एसटी धरली.

दहाव्याला तुम्ही सगळे माझ्याशी इतके जपून वागलात. तू तर माझी माफी मागितलीस, कळवलं नाही म्हणून. आईने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "तुझ्यो माशयो जगल्यो मां गो?" शेवटचे दोन दिवस बाबा माझ्या माश्यांचंच बोलत होते म्हणे. मी हो म्हटलं.

आता माझं चारकोपला स्वतःचं घर आहे. सकाळी दूध येतं, कॉलेजात शिकवते, सोसायटीच्या मीटिंगला वेळेवर जाते. बाबांसाठी मी अजून रडलेले नाही. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, मी सुन्न आहे, आणि त्या सुन्नपणात माझं सगळं व्यवस्थित चालतं. माश्यांना खोलीतल्या गारव्यात परत ठेवलं की काही तासांत त्या रुळावर येतात, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते.

मुंबईत कुणी विचारलं की घर कुठलं, तर मी अजून गावाचंच नाव सांगते. पण गाव म्हणजे मला ना अंगण आठवतं ना विहीर. घर म्हणजे माझ्यासाठी तू आणि आई, माझं ते खोटं खरं मानून मला माफ करणारी. आईला वाचता येत नाही. तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. हे पत्र तू वाचून संपवलंस की तसं मानणारं दोघांतलं एकच उरेल.