साहेबांचं पत्रक आणि मेंढपाळांचे शब्द

मित्रहो, नुसता ईमेल वाचून सहसा व्हायरस येत नाही, सोबतची फाईल उघडली की येतो. हे ऐकून होतो, आज सकाळी प्रत्यक्ष प्रमाण मिळालं.

फाईल होती साहेबांच्या वाढदिवसाच्या पत्रकाची. कंप्युटरने धोक्याचा इशारा दिला. पण साहेबांचं पत्रक न उघडण्याची छाती केजच्या कोणत्या वार्ताहराची?

मेंढपाळांकडून मी बारा वर्षं जमवलेला त्यांच्या बोलीचा शब्दकोश क्षणात कुलूपबंद झाला. दुसरी प्रत नाही.

साहेबांच्या पीएला फोन केला.

"सर, आमच्याबी कंप्युटरचं तसंच झालंय. पण बातमी लागंल ना?"

लागेल. शब्द सांगणारे निम्मे म्हातारे वारले, त्यांची चार ओळींची बातमीही मी दिली नव्हती. आता त्यांचे शब्द कुणाला विचारू?