भाऊजींची साडी आणि माझी थाप

माझ्या हुशारीची मला आता किळस येते. तरुणपणी मात्र मी तिच्यावर लई खूश होते.

लग्न होऊन लोह्याला आले तेव्हा मी अठराची, धाकटे दीर सोळाचे. एके दुपारी माजघरात गेले तर भाऊजी माझी मोरपंखी साडी नेसून आरशापुढं उभे. पदर इतका नीट घेतलेला की मला कधी जमला नाही. गप्प बसायला काय झालं होतं? पण नव्या सुनेला सासूच्या मर्जीत जायची घाई. मी पळत जाऊन सांगितलं. सासूबाईंनी चुलीपुढची फुंकणी घेतली, आणि भाऊजींची पाठ फुटेस्तोवर मी दारात उभी राहून पदराआड हसत होते. असलं ध्यान होते मी.

भाऊजींनी पुढं नांदेडला एका गोदामात वजनकाट्यावर नोकरी केली, संसार केला, बायको गेली. गेल्या साली साठी ओलांडल्यावर एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "वैनी, एकदा साडी नेसून, दिवसाढवळ्या बाजारात जाऊन चुडा भरायचाय. नांदेडात सगळे वळखतात. लातूरला येता का संगं?"

फुंकणी आठवली. मी हाव म्हणाले.

जाताना एसटीत काहीच घडलं नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, दाढी गुळगुळीत, आणि बोलायचं काम माझ्याकडं. दोन म्हाताऱ्यांकडं बघतंय कोण?

लातुरात एका गल्लीत बांगड्यांचं दुकान होतं. दुकानदारीण मुसलमान, माझ्यापेक्षा थोडी लहान. तिनं भाऊजींचा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं, एकदा चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आपा, हात ढीला छोडो. हाड मोठं हाय, पण बसवते मी." चार बांगड्या चढल्या. भाऊजींचे डोळे भरून आले, आणि त्या आनंदात ते स्वतःच बोलले, "हिरव्यात जरा बारीक दाखवा की."

वजनकाट्यावरचा भरदार आवाज. शेजारच्या दुकानातला पोरगा गर्रकन वळला.

"आयला, बाप्या हाय हा!"

त्या दिवसांत मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या फिरत होत्या, बायकांच्या वेषात येतात म्हणे. बघता बघता वीसेक माणसं जमली. पुढं उभ्या एका बाईनं आपलं लेकरू झटकन पाठीमागं घातलं. मोबाईल वर आले. कुणीतरी भाऊजींची मान मागून धरली. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक पोलीस उतरला. तोंडात गुटखा, हातात काठी. काठीच्या टोकानं त्यानं भाऊजींच्या डोक्यावरचा पदर उचलून मागं टाकला.

"काय बे, कुणाचं लेकरू उचलाय आलास? चल, फेड ते लुगडं. इथंच फेड."

लाल थुंकी त्याच्या ओठावरून हनुवटीवर आली होती. लोक हसत होते. एक जण म्हणाला, "आधी दोन द्या, मग चौकशी करा."

दुकानदारीण तेवढी म्हणाली, "गिऱ्हाईक हाय माझं. चुडा भरून होऊ द्या."

आणि इथं माझी हुशारी धावून आली. मी पोलिसाची काठीच धरली. "साहेब, हात लावू नका! देवीचं माणूस हाय. येल्लम्माचा जोगत्या, देवीसाठी साडी नेसतो. मंगळवारी अंगात येतं." वर आणखी फोडणी दिली, "मागं एकानं काठी उगारली, त्याचा हात अजून वर होत न्हाई."

काठी खाली आली. पोलिसानं गुटखा गटारात थुंकला, टोपी काढली आणि त्याच बरबटलेल्या तोंडानं भाऊजींच्या पायावर डोकं टेकलं. "आई, चुकलं. लेकराला पदरात घे." मानेवरचा हात कधी सुटून नमस्काराला जोडला गेला, कळलंही नाही. लेकरू लपवणाऱ्या बाईनं तेच लेकरू भाऊजींच्या मांडीवर आणून बसवलं, "दृष्ट काढा, आई." भाऊजींनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दुकानदारीण खाली मान घालून बांगड्या चढवत राहिली. आणि मी? मी गर्दीला देवीचे नेमधर्म समजावून सांगत होते. शाबासकीची वाट बघत होते मी, शाबासकीची!

ती मिळाली नाही. परतीच्या गाडीची वाट बघताना भाऊजी नळाखाली पाय चोळून चोळून धूत होते.

"मी काय चुकीचं केलं?" मी विचारलं. "मार चुकवला तुमचा."

"मार चुकवला, हाव. पण वैनी, जोगते देवीला वाहिलेले असतात. मी कधी वाहून घेतलं? खोटंच वागायचं होतं तर चाळीस वर्ष पँट घालून तेच करून राहिलो होतो की. आजचा एक दिवस तेवढा खरा पाहिजे होता."

गाडीत चढलो तर त्या गल्लीतली एक बाई आधीच बसलेली. तिनं गाडीभर सांगितलं, "देवीचं माणूस हाय, जागा द्या," आणि स्वतः उठून आम्हा दोघांना आपल्या बाकावर बसवलं. कंडक्टर अदबीनं वाकला, "आई, बायकांचं अर्धंच देऊ ना?"

भाऊजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर खाली घेतला. "फुल दे. बाप्या हाय मी. देवीबिवीचा न्हाई. साडी आवडती म्हणून नेसलो."

मग ती बाई माझ्याकडं वळली, "आवो, तुम्हीच म्हणलात ना जोगत्या हाय म्हणून?"

आताही एखादी थाप तयारच होती, ओठापर्यंत आली होती. ती गिळली. "खोटं बोलले मी. ते माझे दीर हायेत."

"शी!" मागून कुणीतरी खिडकीबाहेर थुंकलं. बाई म्हणाली, "उठा मग. माझी जागा हाय ती."

भाऊजी उठले. मीही उठले. कंडक्टरनं एक फुल, एक अर्धं तिकीट काढलं आणि पुढं गेला. भाऊजी दांडा धरून ताठ उभे होते, पदर पडला तर सावरत होते, बघणाऱ्यांकडं सरळ बघत होते. माझे गुडघे ठणकत होते. अहमदपूरच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली आणि माझा पाय सगळ्या भारानिशी त्या बाईच्या पायावर पडला.

"आई गं! दिसत न्हाई का? चुकून पडला व्हय?"

"चुकून न्हाई," मी म्हणाले.