टिपरच्या तळाला गेलेली लाकडं

खाणी बंद पडल्यापासून आमच्या पाळी गावात भाड्याचा टिपर ट्रक सहज मिळतो. माडाची चुडतं म्हणजे वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, छाटलेलं कुंपण, असा परसातला सगळा कचरा एकदाचा नेऊन टाकायला मी एक बोलावला. मुद्दाम सोमवारी. सोमवारी आई देवळात जाते आणि आरती झाल्याशिवाय परतत नाही.

परस साफ झालं की घराला कुलूप लावता येणार होतं. मुरगावच्या बंदरात माझी नोकरी, तिकडेच फ्लॅट घेतलेला. आईला घेऊन जायचं आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. राहिलं कसलं, मी टाळत होतो.

ती परतली तेव्हा टिपरचा हौदा काठोकाठ भरला होता.

"चुडतांखालची लाकडां खंय?"

"तीही टाकली. वाळवी लागली असेल त्यांना."

"आंब्याची ती, पुता. माझ्यासाठी ठेवलेली."

आमच्याकडे चितेला आंब्याचं लाकूड घालतात. परसातला आंबा पडला तेव्हा तिने तो फोडून घेतला आणि पावसात भिजू नये म्हणून चुडतांनी झाकला. मला वाटायचं, न्हाणीच्या चुलीसाठी असेल.

"अगं, तिकडे मुरगावात ती सगळी सोय..." एवढं तोंडातून गेलं आणि सगळंच कळलं तिला.

"तिकडे? तिकडे कित्याक मरू मी?"

ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. तो खिडकीतूनच म्हणाला, "दादा, ती तळाक गेली. काढूची तर सगळा पलटी करूचा लागतला. माका दुसऱ्या भाड्याक जावचा आसा."

"कर बाबा पलटी," आई म्हणाली. "आणि च्या घेऊन जा."

माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. हौदा उचलला गेला आणि सकाळपासूनचं सगळं काम फाटकाच्या आत धडाधडा कोसळलं. टिपर निघून गेला. माझी स्कूटर ढिगाच्या अलीकडे, रस्ता पलीकडे.

आईने एक लाकूड ओढून काढलं, बोटांनी वाजवून पाहिलं. "वाळवी नाय," ती म्हणाली. "धर."

मी हात पुढे केले. ती एकेक ठेवत गेली, पार हनुवटीपर्यंत. मला पाय दिसेनात.

"कुठे ठेवू?"

"होती थंयच."