पुढच्या चाकातली तार

जखमा धुणं हे नर्सबाईंचं रोजचं काम. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाववत नाही अशांच्या घरी त्या मोटरसायकलवरून जायच्या, पट्ट्या बदलायच्या, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीवरचे चिघळलेले व्रण साफ करायच्या. एकवीस वर्षांत पू बघून त्यांनी कधी नाक मुरडलं नव्हतं. त्यांना शिसारी यायची ती जुन्याच पट्टीवर नवी पट्टी गुंडाळून "झालं की" म्हणणाऱ्या माणसाची.

त्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी मागच्या अंगणात घेतली. पुढचा टायर एका बाजूने पार गुळगुळीत झाला होता. अवघ्या चार महिन्यांपूर्वी तो नवा बसवला होता, आणि बसवला होता धाकट्या दिराने, स्वतःच्या गॅरेजात. तेव्हापासून जरा वेग घेतला की हँडल थरथरायचं. बाईंनी त्याला दोनदा सांगून पाहिलं. "वहिनी, रस्तेच तसले आहेत," म्हणून त्याने वाटेला लावलं. आता टायर बदलायचा म्हटल्यावर म्हणाला, आठवड्याने या. सोमवारी बाईंना अकरा घरं करायची होती. चाक आपणच काढायचं आणि टायरवाल्याकडे नुसतं चाक न्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

नवरा मागच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. एके काळचा नावाजलेला फिटर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, पण जीभ शाबूत राहिली. धाकट्या भावाच्या हातात पहिला पाना आपणच दिला, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

"आधी मधला स्टँड लाव. मग इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सरकव. पुढचं चाक अधांतरी फिरलं पाहिजे."

बाईंनी तसं केलं. ब्रेकची केबल सोडवली, स्पीडोमीटरची केबल आटे फिरवून उपसली. मडगार्डच्या आत चिखल, ग्रीस आणि मेलेल्या किड्यांचा बोटभर थर होता. तो खरवडताना काळी चिकट घाण कोपरापर्यंत ओघळली.

"आता एक्सलच्या नटातली पिन. टोकं सरळ कर आणि पकडीने ओढ."

पिन नव्हतीच. पिनेच्या भोकातून कसलीशी बारीक तार ओवली होती आणि तिला पीळ मारून टाकला होता. पक्कड लागताच तार तुटली. पाना घ्यायच्या आधीच नट नुसत्या बोटांनी फिरला.

काल संध्याकाळीच मागे औषधांची पेटी बांधून त्या मोठ्या उतारावरून आल्या होत्या, पुढे ट्रक, मागे ट्रक.

"अहो, इथे पिन नाही. तार आहे."

बाईंनी एक्सल ओढून काढला आणि चाक खाली घेतलं. आतल्या बाजूने, जिथे बुशाची धातूची नळी असायला हवी तिथून, लहानमोठे चार वॉशर घरंगळले. त्यातला एक रबराचा होता, नळात घालतात तसला. बाईंनी ते ओंजळीत गोळा केले.

"बुश हरवला असेल गडबडीत," मागून नवरा म्हणाला. "कामाचा ताण असतो गं त्याच्यावर."

बाई सावकाश वळल्या. मधे गाडी होती, त्याला वॉशर दिसणं शक्यच नव्हतं.

"बुशाचं नाव मी कुठे काढलं?"

त्याने नजर चुकवली. "गाडी अंगणात शिरली की आवाज यायचा. मला कळतो तो. मी त्याला विचारलं. म्हणाला, वॉशर घातलेत, चालून जाईल."

"कधी विचारलंत?"

"झाले तीन महिने."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू चार गिऱ्हाइकांदेखत त्याची अब्रू काढली असतीस. माझ्या हाताखाली तयार झालेला भाऊ आहे तो."

या माणसाचं अंग त्यांनी दोन वर्षं पुसलं होतं, हागणं-मुतणं काढलं होतं.

"तुमचं करताना मला कधी घाण वाटली नाही," त्या म्हणाल्या. "आज वाटतेय."

साबणाने हात धुऊन त्या चाक ढकलत नाक्यावर गेल्या. टायरवाल्याने टायर बदलला, नवा बुश आणि पिन काढून दिली. कोणी बसवलं होतं हे, असं त्याने विचारलं. "घरच्याच माणसाने," एवढं बोलून त्या परतल्या. चाक बसवताना नवरा सांगायला लागला, "बुश डावीकडून..."

"दिसतंय मला."

दुपारी दीर आला. भावाने फोन करून बोलावलं होतं. येताना हसतच आला.

"वहिनी, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ करताय. झालं का काही?"

बाईंनी तार आणि वॉशर त्याच्या तळहातावर ठेवले. "असं आणखी किती जणांच्या चाकात घातलंयस?"

त्याचं हसू मावळलं. नवरा खुर्चीतून म्हणाला, "नावं सांग. सगळ्यांना गाड्या घेऊन बोलव."

"दादा, वहिनीला सांगू नको असं तूच म्हणालास ना? आता माझ्यावर उलटतोस?"

बाई तिथे थांबल्या नाहीत. दोघा भावांची एकमेकांवर ढकलाढकली ऐकायलाही त्यांना नकोशी वाटली.

पुढच्या आठवड्यात दिराने सात गाड्या परत बोलावल्या. नवरा गॅरेजात खुर्चीवर बसून एकेक चाक उघडायला लावायचा, घरी आला की त्याचा हिशोब बाईंना सांगू बघायचा. बाई हातातलं काम करत ऐकून घ्यायच्या. त्याचं आंघोळपाणी, जेवणखाण, औषधं, कशातही त्यांनी कसर केली नाही. फक्त आता त्याला पुसायच्या आधी त्या दवाखान्यातले रबरी हातमोजे चढवू लागल्या. पहिल्या दिवशी नवऱ्याने त्या मोज्यांकडे पाहिलं आणि पाठ वळवून दिली.