लांडग्यांचा मेट

वाचण्यासारखी मालिका शोधणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगीन. फोनवर भुताखेतांच्या प्रेमकथांचा नुसता पूर आलेला आहे. पिशाच्चाचं प्रेम, नागाचं प्रेम, लांडग्याचं प्रेम, आणि एकेकीचे तीन-तीनशे भाग. बहुतेक रद्दी. नायिकेच्या डोळ्यांना तलाव म्हटलं की मी तिथेच बंद करते. माझ्या सासरी चार पिढ्या तलावात उतरून मासे धरतात. तलावात गाळ असतो, जळवा असतात, हे या लिहिणाऱ्यांना कोणी सांगत कसं नाही? दुसरा माझा नियम असा, की पाचव्या भागापर्यंत भुताला स्वतःचं काहीतरी पाहिजे असलं पाहिजे. नुसतं खिडकीत उभं राहून टकमका बघणाऱ्या भुतापेक्षा आमचा बोका बरा.

माझं माहेर वरठीचं. वाचायची खोड तिथली, आणि लग्न होऊन पवनीच्या पुढच्या या गावात आले तरी ती काही सुटली नाही. पण त्या उन्हाळ्यात मी मालिका शोधत होते ती माझ्यासाठी नाही. माझ्या धाकट्या जावेसाठी.

माझा दीर भादव्यात तापाने गेला. चार दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता, पाचव्या दिवशी नव्हता. जाऊ सव्वीस वर्षांची, मूलबाळ नाही. तेव्हापासून तिचं बोलणं तीन शब्दांवर आलं: हो, बरं, वाढू का. फाल्गुनात तिच्या भावाचा निरोप आला. साकोलीला एक दुकानदार आहे, बायको वारलेली, दोन लेकरं. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की बहिणीला घेऊन जातो आणि पाट लावून देतो. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात त्यात काही वाईट नाही, माझ्या सख्ख्या मावशीचा पाटच आहे आणि ती सुखात आहे. सासूबाईंनी सांगितलं, पोरीची मर्जी. मग ज्याने त्याने पोरीला विचारलं, आणि पोरगी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "तुमी म्हनान तसं."

माझं डोकंच फिरायचं. हे काय उत्तर झालं? तिला जायचं असेल तर मी स्वतः तिची ओटी भरून वाजतगाजत पाठवीन. जायचं नसेल तर मी दारात आडवी पडेन, कोण नेतो बघू. पण आधी तिच्या मनात काय आहे ते कळायला नको? सरळ विचारून दगडाला पाझर फुटत नव्हता. तेव्हा मी ठरवलं, गोष्टीतून काढायचं. जिचा माणूस मेला आहे आणि जी आपलं आपण ठरवते, अशी बाई असलेली मालिका शोधायची आणि हिच्यापुढे वाचायची. अखजीच्या आत.

आम्ही दोघी जावा सकाळी रोजगार हमीच्या कामावर जायचो. गावाच्या बोडीतला, म्हणजे लहान तलावातला गाळ काढायचं काम होतं. अकरापर्यंत परत. जेवणं झाली की पडवीत सासूबाई जाळं सांधायला बसत, जाऊ तांदूळ निवडायला, आणि मी मोठ्याने वाचायची.

पहिली मालिका पिशाच्चाची घेतली. तीनशे वर्षांचा देखणा पिशाच्च कॉलेजात शिकतो आणि वर्गातल्या मुलीच्या प्रेमात पडतो. सासूबाई म्हणाल्या, "तीनशे वर्साचा मानूस अजून कालेजातच? नापास होऊन राहिला का?" ती मालिका तिथेच मेली. मग नागाची आणली. तो दूध पितो असं दुसऱ्याच भागात आलं आणि सासूबाईंनी हात जोडले. "ज्यानं सापच नाई पाह्यला, त्याचं कायले आयकाचं?" जाऊ मान खाली घालून खडे वेचत होती.

तिसरी लांडग्यांची. दिवसा माणसं, रात्री लांडगे, असा कळप. या जातीच्या मालिकांत एक शब्द फार येतो, मेट. मेट म्हणजे जन्माचा जोडीदार; दिसला की वासावरूनच ओळख पटते. मला सवय होती, मी आपली वाचत गेले, "तिने मान वर केली, तिचं काळीज धडधडलं, आणि तिला कळलं, हाच आपला मेट."

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. "मेट? हजेरी घेनारा?"

आता आमच्याकडे मेट एकच. रोजगार हमीच्या कामावर खड्डे मोजणारा, मजुरांचे फोटो फोनमध्ये चढवून हजेरी लावणारा. आमचा मेट चाळिशीचा, टक्कल पडलेला, लग्न न झालेला. काळी छत्री घेऊन पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, बसायचा आणि फोनला शिव्या द्यायचा.

"तो तं रोजच दिसते," सासूबाई म्हणाल्या. "त्यात धडधडाचं काय?"

आणि माझी जाऊ हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मी पुस्तकातल्या शब्दांवर कधी रागावते, कधी भाळते, पण त्या दिवशी त्या एका शब्दाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्या बायांना ही गोष्ट कळली. कळली म्हणजे मीच सांगितली. छत्री दिसली की कोणीतरी शेजारणीला म्हणायचं, "पाह्य वं, तुया मेट आला." बिचारा कानापर्यंत लाल व्हायचा.

लांडग्यांच्या मालिकेत अठराव्या भागात नायिकेचा मेट मेला. माझी जीभ अडखळली. जाऊ म्हणाली, "वाचा ना, ताई." पुढे कळपातले म्हातारे तिच्यासाठी दुसरा मेट घेऊन येतात. तेव्हा जावेने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "तिले कोनी इचारलं का, तिले काय पायजे?" वाटलं, गवसलं. पण त्या लिहिणारीने काय करावं? दुसऱ्या मेटाचे डोळे सोनेरी आहेत म्हणून नायिका लगेच त्याच्या मिठीत. मी फोन आपटायचाच बाकी ठेवला.

मग मी इरेला पेटले. अखजीला तीन आठवडे होते. नागपूरला कॉलेजात असलेल्या भाचीला पिडलं, पवनीला बाजारात भेटणाऱ्या वाचणाऱ्या बायांना विचारलं, चुलीपुढे बसून मालिकांचे पहिले-पहिले भाग चाखले. दोनदा भाजी करपली. आणि मिळाली. कोणी नवीनच लिहिणारी होती, बाराच भाग झाले होते. एका नावाडणीचा नवरा नदीत बुडालेला असतो आणि रोज पहाटे नावेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसतो. भुताला तंबाखू पाहिजे असते. ती देत नाही, कारण तो जिवंत असताना तिने सोडायला सांगितली होती आणि त्याने ऐकलं नव्हतं. दोघं भांडतात. असं भांडतात की त्यांचं प्रेम किती होतं ते तुम्हाला कळतं. आणि डोळ्यांबद्दल बाराही भागांत अक्षर नाही. सासूबाई जाळं विसरल्या. जाऊ रोज विचारायची, "आला का पुढचा?"

याच दिवसांत मला आणखी एक दिसायला लागलं. कामावर पाणी प्यायची सुट्टी झाली की माझी जाऊ मेटाच्या छत्रीखाली. दोघांची डोकी त्याच्या फोनवर वाकलेली. ती काहीतरी दाखवते, तो मान हलवतो. एकदा दोघं मिळून टेप धरून खड्डा मोजत होते. मी एवढ्या प्रेमकथा वाचलेली बाई, मला काय सांगायला पाहिजे?

मी तिला पाळीवर गाठलं आणि अर्धं हसत, अर्धं खरं विचारलं, "काय वं, मेट मनात भरला का तुया?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "भरला ना, ताई. कवाचा."

त्या दुपारी मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जाळ्याची गाठ मारली. मग म्हणाल्या, "मानूस गरीब आहे, पन व्यसन नाई. आन पोरगी गावातच राहीन." आम्ही दोघींनी पक्कं केलं, भावाला तोंड द्यायचं, काही झालं तरी मागे हटायचं नाही.

अखजीनंतर तिसऱ्या दिवशी भाऊ आला. नवं लुगडं घेऊन आला होता. पाणी झालं, चहा झाला, त्याने विषय काढला, आणि मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "भाऊ, तिकडे नाई म्हनून सांगा," मी म्हणाले. "तिचं इथंच जमलं. गावातल्याच मेटासंग."

जाऊ रिकामे कप घेऊन दारात उभी होती, तिने विचारलं, "कोनाचं जमलं?"

"तुयं," मी म्हटलं. "तूच तं म्हनली."

तिने कपांचं ताट खाली ठेवलं. "ताई, मले मेट पायजे नाई. मले मेट व्हाचं आहे."

मग जे काही तिच्या पोटात होतं ते बाहेर आलं. आमचा मेट बहिणीकडे नागपूरला कायमचा चालला होता. पंचायतीला त्याच्या जागी दहावी झालेली बाई हवी होती. ही दहावी झालेली. फोनवरची हजेरी, खड्ड्यांची मापं, सगळं तिने त्याच्याकडून शिकून घेतलं होतं आणि अर्जही देऊन आली होती. "मी कवाची सांगून राहिली तुमाले," ती म्हणाली, "तुमी वाचूनच राहिल्या."

माझं तोंड एवढंसं झालं. तिचं उत्तर काढायला मी निघाले आणि ते उत्तर मीच लिहून बसले, त्या सोनेरी डोळे लिहिणारीपेक्षा काय वेगळं केलं मी?

भावाने विचारलं, "आन लगीन?"

"ते कराचं असन तं मी सांगन," ती म्हणाली. "नाई सांगतलं तं नाई कराचं, समजून घ्या."

भाऊ जेवायला न थांबता उठला. सासूबाईंनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि लुगडं परत त्याच्या पिशवीत घातलं. तो गेल्यावर दोन दिवस घरात कोणी मालिकेचं नाव काढलं नाही. मी तर नाहीच.

पंधरा दिवसांनी तिला जागा मिळाली. पहिले काही दिवस तिचा आवाज कापायचा, पण हजेरी चुकायची नाही. फोटोची वेळ ठरलेली असते, ती गेली की गेली. आणि एका सकाळी नावाडणीचा पुढचा भाग आला. मी चुलीपुढेच वाचायला बसले. भुताला अखेर तंबाखू मिळते की नाही हे कळल्याशिवाय मला उठवेना. बोडीवर पोचले तेव्हा बाया खड्ड्यात उतरल्या होत्या.

ती मोहाच्या झाडाखाली उभी होती. "ताई, फोटो झाला. आज तुमची हजेरी नाई लागत."

"अवो, दहाच मिनिटं झाली."

"पंधरा."

"घरची आहो ना मी?"

"म्हनूनच नाई," ती म्हणाली, आणि टेप उचलून खड्ड्याकडे निघाली.

सगळ्या बाया बघत होत्या. मी टोपलं उचललं आणि मागे फिरले. राग आला होता, फार राग आला होता, आणि तरी पाळीवरून घरी जाताना मी रडत होते, कारण या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती मला 'नाही' म्हणाली होती.