करंट गेलं

सायबर कॅफे हा तेव्हा नवाच प्रकार होता. मल्लेश्वरममधल्या आमच्या कॅफेच्या कानडी मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणायचे. मला त्यांचा रागच यायचा. "स्वल्प थांबा" म्हणून तासभर ताटकळत ठेवायच्या.

एका दुपारी काही कॉलेजकुमार मुलीच्या नावाने चॅट करत खिदळत होते. दोन कॉम्प्युटरांमधल्या फळीपलीकडे एक तोतरे गृहस्थ त्याच 'मुली'ला मन लावून उत्तरं लिहीत होते. अक्कांनी पोरांचा स्क्रीन वाचला, फळीवरून पलीकडे पाहिलं आणि सरळ मेन बोर्डावरचा फ्यूज उपटला.

"करंट गेलं. उठा सगळे."

पोरं गेली. गृहस्थ बसूनच. "अक्का, क-कधी येईल? ती थांबलीय."

"आज नाही यायचं, अण्णा," म्हणत अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. समोरच्या दुकानातला फिरता पंखा गृहस्थांना दिसू नये, म्हणून.